समारंभाची छायाचित्रे
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील सभासद-मेळाव्यात केलेले भाषण)



गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू हे सारे बंगळुरात आपण हौसेने साजरे करतो. आता प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनीतील कॅमेरा असल्यामुळे छायाचित्रांना तोटा नाही. तोटा आहे तो पुन्हा पाहावीशी वाटणाऱ्या छायाचित्रांचा.

समारंभ टिपण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा सोहळा मुंबईचे छायाचित्रकार सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी चित्रफितीवर घेतला. बंगळुरातही यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ पासून हौशी छायाचित्रकारांना एकत्र आणीत आली आहे. शिकू इच्छिणाऱ्यास हे शहर परके नाही.

प्रथम प्रकाशाचा विचार करावा. सभागृहातील दिवे डोक्यावर असल्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात. म्हणून मंडळींना खिडकीकडे तोंड करून बसवावे. फ्लॅशचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईच उरतो. त्यामुळे समूहचित्रात पुढची रांग पांढरीफटक आणि मागची काळोखात, असे होते. रांगा दाटीने लावाव्यात. समोरून फ्लॅश मारल्यास चष्म्याच्या काचा आणि पैठणीची जर तेवढी चमकते. किंचित बाजूस उभे राहावे. औक्षणाच्या वेळी फ्लॅश बंदच ठेवावा, कोपर खांबाला टेकवावे आणि तबक स्थिरावण्याची वाट पाहावी. मुलांची चित्रे खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावीत. समूहचित्रे तीन-चार घ्यावीत; एकात कोणी तरी डोळे मिटतोच!

परंतु सारे कॅमेरे व्यासपीठाकडेच का वळावेत? पहाटेपासून रांगोळी घालणाऱ्या, पुरणपोळ्या लाटणाऱ्या, पंगतीत वाकून वाढणाऱ्या माणसांनी हे मंडळ उभे केले. हारतुऱ्यांच्या चित्रांत ती कोठेच दिसत नाहीत.

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविताना आम्हांस याहून मोठी उणीव जाणवली. कित्येक चित्रांवर ना साल, ना नाव. चेहरे हसतमुख आहेत, पण ते कोणाचे हे सांगू शकणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तीही गेली की ते चेहरे आपल्याला कायमचे अनोळखी होतील.

म्हणून प्रत्येक समारंभाची निवडक वीस चित्रे कागदावर छापून घ्यावीत. अल्बममध्ये प्रत्येकाखाली प्रसंग, तारीख आणि डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत. चित्राच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नये. अक्षरे पुढे उमटतात.

गावाकडील घरात पूर्वजांची चित्रे ओटीच्या भिंतीवर असत आणि नातवंडे ती पाहत मोठी होत. आपण ती भिंत मागे सोडून आलो. येथे वाढणाऱ्या मुलांसाठी तिची जागा मंडळाच्या अल्बमने घ्यावयाची आहे. आपापल्या घरची जुनी चित्रे घेऊन ज्येष्ठांजवळ बसावे आणि नावे आजच लिहून घ्यावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.