नगरसेवक नसलेली पाच वर्षं
(दहावी १९८५ च्या स्नेहमेळाव्यात रविवार, २८ डिसेंबर २०२५ रोजी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'शिक्षकी पेशातले अनुभव'. तो मी परस्पर बदलला आहे. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि नेमकी महापालिकेची निवडणूक अठरा दिवसांवर आली असताना मी मुलांच्या गमतीजमती सांगत बसले, तर बाईंनी मला इथेच अंगठे धरून उभं केलं असतं. बाई हसताहेत, म्हणजे परवानगी आहे.

आधीच सांगते, आचारसंहिता लागली आहे. शिवाय आपल्याच वर्गातले दोघे एकाच प्रभागातून, एकमेकांसमोरच्या पॅनेलमधून उभे राहताहेत आणि दोघेही आत्ता समोर बसलेत. एक पहिल्या रांगेत, एक शेवटच्या. शाळेतही असेच बसायचे. त्यामुळे मी कुणाचं नाव घेणार नाही, चिन्ह सांगणार नाही. पण प्रश्न विचारणार आहे.

आपल्या महापालिकेची मागची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ ला झाली. रविवार होता. ८१ प्रभाग, प्रत्येकाचा एक नगरसेवक. त्या सभागृहाची मुदत १५ नोव्हेंबर २०२० ला संपली आणि तेव्हापासून आजपर्यंत कोल्हापुरात नगरसेवक नाही, महापौर नाही, स्थायी समिती नाही. आधी कोरोना आला. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, मग बांठिया आयोग झाला, प्रभाग एकाचे तीन, तीनाचे चार असे बदलत राहिले आणि तारखा पडत राहिल्या. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानं सांगितलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्या चार महिन्यांचेही आठ झाले. आता १५ जानेवारीला मतदान आहे.

राज्यघटनेचा २४३-यू हा अनुच्छेद मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आहे. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. १९९३ पासून ही तरतूद लागू आहे. २०२१ नंतर हे शिकवताना मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "बाई, मग आपल्याकडं का नाही?" त्याला उत्तर देण्यात माझा एकेक तास जायचा.

आता हिशेब करा. २०१५ साली जो मुलगा सतरा वर्षांचा होता, तो आज सत्तावीस वर्षांचा आहे. नोकरीला लागला, लग्न झालं, कदाचित घरफाळाही भरतो. लोकसभेला दोनदा आणि विधानसभेला दोनदा त्यानं मत दिलं असेल. पण गल्लीतल्या गटारीसाठी ज्याला जाब विचारायचा त्याला निवडायची संधी त्याला एकदाही मिळालेली नाही. आपली बहुतेकांची मुलं याच वयाची आहेत.

आपली एक मैत्रीण इंग्लंडहून आली आहे. काल रात्री गप्पा मारताना तिनं सांगितलं ते ऐकून मी गार झाले. तिचा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, तरी ती तिथल्या जिल्हा परिषदेच्या, म्हणजे त्यांच्या कौन्सिलच्या निवडणुकीत मत देते. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना, तिथं रीतसर राहत असतील तर, तो हक्क आहे. मे महिन्यातला गुरुवार, सकाळी सात ते रात्री दहा मतदान. केंद्र कधी शाळेत, कधी चर्चच्या हॉलमध्ये, क्वचित चक्क दारूच्या गुत्त्यात. दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल घ्यायची, कागदावर फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची. कर्णा नाही, रॅली नाही, जेवणावळ नाही. उमेदवार स्वतः दारातल्या फटीतून पत्रक टाकून जातो. काही वॉर्डांत तीन-तीन सदस्य असतात, आपल्यासारखेच. म्हणजे कोल्हापूरची ही लेक दहा वर्षं साता समुद्रापार गटार-कचऱ्यावर मत देत राहिली आणि आपण इथले इथे असून बोटाला शाई नाही.

पण तिकडचं सगळं सोन्याचं समजू नका. तिथं कौन्सिलच्या मतदानाला तिघांतला एक आला तरी पुष्कळ, असं तीच सांगते. यंदाच्या मे महिन्यात तिथंही नऊ ठिकाणच्या निवडणुका फेररचनेच्या नावाखाली वर्षभर पुढे ढकलल्या, आणि तेवढ्यावरून लोकांनी आरडाओरड केली. एका वर्षावरून! आपण पाच वर्षं शांत होतो. हद्दवाढीवर, टोलवर रान उठवणारं हे गाव. टोलच्या विरोधात एन. डी. सर आणि पानसरे अण्णा रस्त्यावर उतरले, तेव्हा अख्खं शहर त्यांच्या मागे गेलं आणि टोल घालवूनच थांबलं. निवडणूक नाही म्हणून मात्र एक मोठा मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

का नाही निघाला, याचं उत्तर कालच्या गप्पांतच मिळालं. निम्मे जण म्हणाले, "बरंच झालं की! नगरसेवक होते तेव्हा काय दिवे लावले?" यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. महापौराची मुदत अडीच वर्षांची, पण आपल्याकडे ती महिन्यांवर वाटून घ्यायची रीत पडली. संगीत खुर्चीच. फलकावर नाव रंगवून वाळेपर्यंत राजीनामा. टक्केवारी, टेंडर, सहलीवर नेलेले सदस्य, हे सगळं आपण पाहिलं आहे. प्रशासकाच्या काळात कामं झाली नाहीत असंही नाही. काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं ते २०२३ च्या दिवाळीत, नगरसेवक नसतानाच. पण मंजुरीपासून बघितलं तर तो दहा वर्षांचा प्रवास होता, आणि सभागृहात त्यावर किती रणं माजली होती हेही आठवा.

माझा मुद्दा वेगळा आहे. प्रशासक म्हणजे काय? आयुक्तच प्रस्ताव तयार करणार, आणि महासभेचे नि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच, म्हणून तेच मंजूर करणार. अंदाजपत्रक मांडणारे तेच, संमत करणारे तेच. माणूस कितीही सज्जन असो, आणि काही अधिकारी खरोखर चांगले होते, मध्ये "का?" विचारणारं कुणी नाही. सभागृहात आरडाओरडा व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी पेपरात छापून तर यायचा. फाइलीवरच्या सहीची बातमी होत नाही.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवते ना? केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. याच नाट्यगृहात आपलं गॅदरिंग झालं होतं, आपल्यातल्या कित्येकांच्या तोंडाला पहिल्यांदा रंग लागला तो तिथेच. नाट्यगृह महापालिकेचं, म्हणजे आपलं. त्या रात्री लोक रडत उभे होते. पण सभागृह असतं तर दुसऱ्याच आठवड्यात ८१ जणांपैकी कुणीतरी उठून विचारलं असतं, आग विझवायची यंत्रणा शेवटची कधी तपासली? विमा किती? ते विचारायची जागाच नव्हती. २०२१ च्या महापुरातही तेच. २०१९ ला पाणी आलं तेव्हा निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन शिव्या तरी घालता आल्या होत्या. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की कुठल्या गल्लीतली कुठली म्हातारी जिन्यावर अडकते, हे त्याला पाठ असतं. पाठ नसेल तर पुढच्या वेळी तो पडतो.

आता माझ्या आवडीचा भाग. २०१५ ला मी केंद्राध्यक्ष होते. सकाळी एक आजी आल्या, नऊवारी, हातात काठी. शाई लावून घेतली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, तू शिकल्याली दिसतीस. तूच सांग कुठलं दाबू." सगळे प्रतिनिधी कान टवकारून बघायला लागले. मी म्हटलं, "आजी, मला सांगता येत नाही." त्या म्हणाल्या, "मग शिकून काय उपेग!" आणि आत गेल्या. त्यांना तेव्हा एकच बटण दाबायचं होतं. यंदा चार दाबायची आहेत. वीस प्रभाग, बहुतेकांत चार जागा, एकात पाच. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. प्रत्येक जागेसाठी एक बटण. कुणीच नको असेल तर त्या जागेपुरतं 'नोटा'. सगळ्या जागांचं झालं की मोठी शिट्टी वाजते, त्याआधी बाहेर पडायचं नाही. घरातल्या थोरल्या माणसांना हे आजच समजावून सांगा. दोन बटणं दाबून "झालं" म्हणून बाहेर येणारी माणसं केंद्रावर किती गोंधळ उडवतात ते मला ठाऊक आहे.

या चार जणांच्या पद्धतीबद्दल माझं मत चांगलं नाही. शिवाजी पेठेतला माणूस पूर्वी तालमीच्या कट्ट्यावर एकाच माणसाला गाठायचा. आता चौघे म्हणणार, ते काम दुसऱ्याकडं. पक्षांना पॅनेल सोयीचं, मतदाराला नाही. अपक्ष पोराला तर चारपट मोठा प्रभाग पालथा घालायचा आहे. खर्च कोण करणार?

८१ पैकी ४१ जागा महिलांच्या आहेत. आपल्या राज्यात १९९० ला तीस टक्के होत्या, २०११ ला निम्म्या झाल्या. फलकावर वहिनींचा फोटो छोटा आणि दादांचा मोठा, हे अजून दिसतं. पण मी अशाही बायका पाहिल्या आहेत की पहिल्या वर्षी नवऱ्याकडे बघून हात वर करायच्या आणि तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला घाम फोडायच्या. मैत्रिणींनो, आपल्यातली एकही उभी नाही, याचं मला वाईट वाटलं.

आणि हद्दवाढ. इथे बसलेल्यांपैकी हात वर करा, कळंबा, पाचगाव, उचगाव, मोरेवाडी या बाजूला कोण राहतं? बघा, जवळजवळ निम्मे. तुम्ही शाळेत शहरात आलात, नोकरी शहरात केली, केएमटीनं फिरलात, पण १५ तारखेला तुम्हाला मत नाही. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, आणि शहराची हद्द तेव्हापासून तेवढीच, ६७ चौरस किलोमीटरच्या आत. २०१७ ला ४२ गावांसाठी प्राधिकरण काढलं, त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. मी हद्दवाढीच्या बाजूची आहे. पण गावांची भीती खोटी नाही. ग्रामपंचायतीत सरपंच हाकेवर असतो, तो जाईल, घरफाळा वाढेल, आणि शहरातल्याच उपनगरांना धड रस्ते नाहीत तर आम्हाला काय देणार, हा त्यांचा सवाल आहे. त्याला आकड्यांत उत्तर देणारा नगरसेवक मला अजून भेटायचा आहे.

म्हणून पहिल्या आणि शेवटच्या रांगेतल्या आपल्या दोन मित्रांना माझे तीन प्रश्न. झूमवरच्या कचऱ्याच्या डोंगराचं काय करणार, आणि कधीपर्यंत? जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेत मिसळायचं पूर्ण थांबवायला सभागृहात पहिल्या वर्षी कुठला ठराव मांडणार? आणि निवडून आलात तर महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, प्रभागात कुठे बसणार? तिसरा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचंच उत्तर बहुतेक जण टाळतात. उत्तरं आत्ता नकोत, स्टेजवरून तर नकोतच. जेवणाच्या वेळी दोघांनी एकाच टेबलावर बसा, आम्ही ताटं घेऊन येतो.

शहरात राहणाऱ्यांनी यादीतलं नाव आजच बघा. १ जुलै २०२५ ची यादी धरली आहे, विधानसभेला नाव होतं म्हणजे याच प्रभागात असेल असं गृहीत धरू नका. प्रभाग नवे आहेत, नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे गेल्याचं माझ्या शेजारीच घडलं आहे. मतदान गुरुवारी, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. आदल्या दिवशी संक्रांत आहे, तिळगूळ खाऊन झोप लागेल, तर घड्याळ लावून ठेवा. मोजणी १६ तारखेला.

पांढरा रस्सा निवायला लागलाय अशी खूण मागून होते आहे. थांबते.