मांडीवरचं सूप

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



साडेसहाचं व्याख्यान. समोर पाहतो तर बहुतेक डोकी माझ्यासारखीच पिकलेली. हा विषय ज्यांचा आहे ती मंडळी एकतर हिंजवडीच्या वाहतुकीत अडकली आहेत, नाहीतर घरीच आहेत, पण दार लोटून मीटिंगमध्ये. तक्रार नाही, निम्मा विषय त्यातच सांगून झाला.

पत्रिकेत ‘फ्लेक्झिबल वर्किंग’ असं छापलंय. लवचिक काम म्हटलं की मला योगासनं आठवतात. त्यापेक्षा आपल्याकडचे दोन शब्द घेऊ, सवड आणि सवलत. सवड आपली असते. सवलत दुसऱ्यानं दिलेली असते, आणि देणारा ती परतही घेतो. आज नोकरीत जे मिळतं ते यातलं कोणतं, एवढंच मला तपासायचं आहे.

२०२०च्या मार्चमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा सगळ्या देशाला नवल वाटलं. आम्हा सोलापूरकरांना फारसं वाटलं नाही. माझं लहानपण पूर्व भागात गेलं. तिथे घरोघरी बाया बिड्या वळायच्या. आमच्या शेजारच्या अक्का सकाळी कारखान्यात जाऊन आदल्या दिवशीच्या बिड्या देऊन यायच्या आणि येताना तेंदूची पानं, तंबाखू, दोरा घेऊन यायच्या. पानं ओली करून गोणपाटात गुंडाळायची, मऊ झाली की पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं चालू. मजुरी हजार बिड्यांवर.

अक्कांना कुणी हजेरीपटावर सही मागत नसे. पाहुणा आला तर सूप बाजूला ठेवावं, डोकं दुखलं तर आडवं व्हावं. तान्हं मूल पदरात असलेल्या बाईला गिरणीपेक्षा हेच बरं वाटायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण हजाराचा आकडा काही आडवा होत नसे. दुपार पाहुण्यांत गेली की ती रात्री भरून काढायची. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकून दोरा बांधायला बसायची. जागा अक्कांची, दिवा अक्कांचा, सूप आणि कात्रीही त्यांचीच. तंबाखूची धूळ भाकरीच्या पिठापर्यंत. एवढं करून सकाळी तपासणारा मूठभर बिड्या बाजूला काढून म्हणायचा, वळण नीट नाही. त्यांचे पैसे नाहीत.

बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही त्यानं कामगार मानलं, ही मोठीच गोष्ट. पण दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कामाच्या आवारापुरती होती. घरात तास मोजायला कोण येणार? कायदा अक्कांच्या उंबऱ्याशी थबकला.

आता लॅपटॉप या शब्दाची फोड करून पाहा. मांडीवर ठेवायची वस्तू! सुपाचंही तेच वर्णन होईल. पगाराची तुलना मी करत नाही. ती केली तर अक्कांचा अपमान होईल. तुलना आहे ती घड्याळाची. माझी सून पुण्यात एका कंपनीत आहे. तिथे दर शुक्रवारी कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी ध्यानाचा तास असतो. त्या तासात राहिलेलं काम ती रात्री अकराला उरकते. खुर्ची आमची, वीज आमची, आणि जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झाल्यामुळे जेवण सोफ्यावर.

या गोंधळात मला गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ साली मुंबईच्या ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी पुढे केलं. त्या काळी गिरणी सूर्योदयाला सुरू व्हायची, सूर्यास्ताला थांबायची. म्हणजे पाहा, वेळ लवचिकच होती! हिवाळ्यात आखूड, उन्हाळ्यात लांब. लवचिकपणा होता, फक्त तो मालकाच्या बाजूला वाकणारा होता. कामगारांनी काय मागितलं? रविवारची पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सगळ्या ठाम, ताठ मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आपण ज्या रविवारी दुपारी ताणून देतो, तो असा आलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं जरा उलटं वाटेल: आधी काहीतरी पक्कं हवं, मगच सैल सोडण्यात सुख आहे. याला अलीकडचा एक चांगला दाखला आहे. शांघायच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर सहा महिने प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. जन्मतारीख सम की विषम, एवढ्यावरून दोन गट पाडले. (पत्रिका बघून कामं देणाऱ्या आपल्या लोकांना हे आवडेल.) एका गटाला आठवड्यातले दोन दिवस घरून काम. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण त्या गटात तिसऱ्या हिश्शानं घटलं, काम आणि बढत्या यांत फरक पडला नाही. सुरुवातीला साहेब लोकांना वाटत होतं की काम घसरेल. शेवटी त्यांचंही मत पालटलं. आणि ते दोन दिवस कोणते? बुधवार आणि शुक्रवार. ठरलेले. साहेबाच्या लहरीवर नव्हे.

आपल्याकडे २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यानंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम करण्याची सोयही आली. पण मालक आणि ती बाई यांच्यात तसं ठरलं तर! कडेवर पोर घेऊन ठरवायला बसलेल्या बाईचं पारडं किती जड असतं, ते सांगायला नको. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

तुमच्यापैकी अनेकांची दुकानं आहेत, दवाखाने आहेत, कचेऱ्या आहेत. पदरी चार माणसं असतील, चाळीस असतील. त्यांना घरून काम द्या, उशिरा येऊ द्या, तुम्हाला जमेल तसं करा. पण नेमणुकीच्या कागदावर काम सुरू होण्याची वेळ आपण लिहितो, त्याच्याच खाली काम संपण्याची वेळही लिहा. उद्याच लिहा.