व्रण भरल्यानंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणावरून)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी जळिताचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आपल्या कार्यवाहांनाही तसे वाटले होते. मी वैद्य नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे, बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि फायलींतच केस पिकलेला एक अधिकारी आहे. तरीही बोलतो, कारण या विषयात आपल्या मंडळाचे, आणि विशेषतः माझे, थोडे देणे बाकी आहे.

आपल्या देशात दर वर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुग्ण वाचला की आपण देवापुढे साखर ठेवतो आणि प्रकरण संपले असे मानतो. वास्तविक ते तेथून सुरू होते.

रुग्णालयात असेतोवर सारा कारभार शारीरिक वेदनेचा असतो. मलमपट्टी बदलण्याची वेळ जवळ आली की नुसत्या पावलांच्या चाहुलीनेच अंगाला कापरे भरते. पण तेथे निदान सारेच भाजलेले असतात. घरी आल्यावर मात्र आरसा असतो. भरत आलेल्या व्रणांना असह्य खाज सुटते, झोप लागत नाही, आणि लागलीच तर तो भडका स्वप्नात पुन्हा उठतो. काडी ओढल्याचा आवाज, रॉकेलचा वास, एवढ्यानेही छाती धडधडू लागते. व्रण जाड होऊ नयेत म्हणून अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे दिवसाचे २३ तास, महिनोन्‌महिने घालावे लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काय असते याची कल्पना करावी! किती टक्के भाजले, हा आपला पहिला प्रश्न असतो. परंतु मनाचे दुखणे त्या टक्क्यांच्या प्रमाणात चालत नाही. पदराखाली झाकेल एवढाच व्रण असलेली बाई वर्षानुवर्षे खिन्न राहू शकते. आम्हा सरकारी माणसांना टक्केवारी फार प्रिय. येथे तिचा उपयोग नाही.

आपला दुसरा प्रश्न, ‘कसे झाले?’ हा. पोलिसांनी तो विचारणे भागच आहे. कारण कित्येक स्त्रिया भाजत नाहीत, भाजल्या जातात, आणि खरे सांगायला त्यांना जागा नसते. ज्यांना तसा संशय येईल त्यांनी एकान्तात, धीर देऊन जरूर विचारावे. पण चहा घेता घेता दहा जणांसमोर विचारलेल्या त्या प्रश्नात मदत नसते, केवळ कुतूहल असते.

या बाबतीत एका परक्या गावाची हकीकत मी पुनःपुन्हा वाचतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांना आग लागून चेहरा आणि हात जळालेले तरुण वैमानिक इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथील क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात येत. तेथील शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो हे मूळचे न्यूझीलंडचे. त्यांनी रुग्णांना रुग्णालयाचा ठरावीक पोशाख न देता स्वतःचा लष्करी गणवेश घालू दिला, वॉर्डात बिअरचे पिंप ठेवू दिले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी गावकऱ्यांना विनंती केली, की या मुलांना घरी बोलवा, रस्त्यात भेटली तर मान वळवू नका. गावाने ते मानले. ‘टक लावून न पाहणारे गाव’ अशी त्याची ख्याती झाली. १९४१ साली त्या रुग्णांनी आपला एक क्लब काढला व त्याला ‘गिनी पिग क्लब’ असे नाव दिले. युद्ध संपेतो त्याचे सभासद ६४९ झाले. पाय जळालेल्या एकाला त्यांनी खजिनदार केले, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको! आपल्या व्रणांवर आपणच हसणाऱ्या त्या माणसांना गावाने आधी आपल्यात घेतले होते, हे विसरू नये.

उपचारांची गरज आहेच. झोप, भीती, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

आता ते देणे. १९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतील एका वहिनी स्टोचा भडका होऊन भाजल्या. अडीच महिने रुग्णालयात होत्या. मंडळाने वर्गणी काढली, आम्ही तरुणांनी रक्त दिले, पाळीपाळीने डबे पोचवले. पुढे जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू आले. तेव्हा निमंत्रणाची वही घरोघर फिरे व नावापुढे सही घेतली जाई. त्या यादीत वहिनींचे नाव नव्हते. ‘बिचारीला चार बायकांत अवघडल्यासारखे होईल,’ असे कुणीतरी म्हणाले आणि सर्वांना ते दयाळूपणाचे वाटले. अवघडणार होतो ते आम्ही.

तेव्हाच्या आमच्या एका वृद्ध काकूंना मात्र हे कळलेच नाही; किंवा कळूनही त्यांनी न कळल्यासारखे केले. त्या दर गुरुवारी दुपारी वहिनींकडे जाऊन समोर बसत, तोंडाकडे सरळ पाहून लोणच्याच्या गोष्टी करीत आणि निवडायला म्हणून घरचे तांदूळ घेऊन जात. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात दोघी बरोबर आल्या. वहिनी मोदक वळायला बसल्या. शेगडी दुसऱ्या कुणी पेटवली आणि त्यावर कुणीही काही बोलले नाही.

१९९९ मध्ये त्यांच्या यजमानांची बदली झाली. सामान बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला गेलो आणि धीर करून म्हणालो, “वहिनी, त्या संक्रांतीची यादी मी लिहिली होती.”

त्या म्हणाल्या, “शेजारी वही आली होती ना, तेव्हाच अक्षर ओळखलं होतं मी, भाऊजी. चहा घेऊन जा.”