ओटा कुणासाठी?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

अर्धापूरहून बोलतेय. गॅसवर काही ठेवलं असेल तर आच जरा कमी करा आणि पाच मिनिटं माझ्याकडं कान द्या.

आजचा विषय आहे घर विकण्याचा. हा व्यवहार माणसांचा, असं आपण म्हणतो. पण त्यात एक प्रश्न आपल्या खोलीचा असतो. विकायच्या आधी स्वयंपाकघर नवं करायचं का?

आमचं घर गावठाणातलं, जुनं माळवदाचं. स्वयंपाकघरात चूल, वर झरोका, कोपऱ्यात मोरी, भिंतीत दिवळ्या. गॅस आला, तो लाकडी टेबलावर ठेवला. पावसाळ्यात माळवद गळायचं आणि पिठाचा डबा रोज जागा बदलायचा. 22 वर्षं मी तिथं भाकरी थापल्या. ओटा करा म्हटलं की मालक म्हणायचे, "केळीचे पैसे आले की करू." केळीचे पैसे यायचे आणि जायचे. एका साली वाऱ्यानं बाग आडवी झाली, एका साली लेकराची फी भरली.

पुढं मुलाच्या नोकरीपायी नांदेडला जायचं आणि हे घर विकायचं ठरलं. तेव्हा मालक म्हणाले, "आधी स्वयंपाकघर चांगलं करू. ग्रॅनाईटचा ओटा, भिंतीला टाइल्स, स्टीलचं सिंक. गिऱ्हाईक बघताच हो म्हणंल." मिस्त्रीनं अंदाज दिला 85 हजार. पैसे कुठून? बचत गटातून, माझ्या नावावर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी इतकी वर्षं मागितलेला ओटा आता अनोळखी बाईसाठी होणार होता, आणि हप्ते मात्र मी फेडायचे.

पण नुसत्या रागानं घर चालत नाही. म्हणून गटाच्या बैठकीत हिशोब मांडला. आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना. 85 हजारांचे महिन्याला 1,700 रुपये झाले. घर विकायला वर्ष लागलं तर नुसतं व्याजच 20,400. म्हणजे ओट्यापायी घराचा भाव 1,05,400 रुपयांनी वाढला, तरच आमची बरोबरी.

तेवढ्यात एका मावशीनं विचारलं, "पण तुझं घर घेणार कोण?"

मैत्रिणींनो, सगळं उत्तर या एका प्रश्नात आहे. गावठाणात घेणारा बहुतेक वेळा जागा बघतो. रस्त्याला किती फूट लागतं, पाणी कसं येतं, नाली आहे का, शेजार कसा आहे. कुणी जुनं पाडून स्लॅब टाकणार असतो, कुणी पुढं दुकान काढणार असतो. राहायला येणारा असला तरी वास्तू बघतो. स्वयंपाकघर आग्नेयेला पाहिजे म्हणून तुमचा कोरा ओटा तो फोडूनही टाकील.

मग आम्ही काय केलं? माळवदावर पांढरी माती टाकून गळती बंद केली. तुंबलेली मोरी मोकळी केली आणि नालीपर्यंत नवा पाईप टाकला. भिंतींना चुना दिला. दाराची बिजागरी बदलली. सगळं 9 हजारांत झालं, कर्ज न काढता. गळकं छत आणि मोरीचा वास याला घेणारा भितो. त्याच्या मनात खर्चाचा आकडा मोठा होतो आणि तेवढा तो भाव पाडतो. म्हणून ही दुरुस्ती करावी.

त्याहून जास्त दिवस आम्ही कागदावर घालवले. घराचा उतारा काढला, थकलेला कर भरला. घर वडिलोपार्जित, म्हणून दोन्ही नणंदांना आधी बोलावलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत लेकींचा हक्क लेकाइतकाच आहे. साडीचोळी देऊन सह्या घेऊ, असं घरात कुणी म्हणालंच. मी म्हटलं, उद्या माझ्या लेकीची सही कुणी अशी घेतली तर? वाटा ठरला, मग सह्या झाल्या.

घर शेजाऱ्यांनीच घेतलं, आपलं घर वाढवायला. खरेदीखत झालं आणि आठव्या दिवशी त्यांनी पहिली भिंत पाडली ती चुलीमागची. मी बघायला गेले होते. दिवळीतली काजळी उन्हात उघडी पडली होती. डोळ्याला पदर लावला. मग मनात आलं, इथं 85 हजारांचा ओटा असता तर तोही आज या ढिगाऱ्यात पडला असता.

शहरातल्या फ्लॅटची गोष्ट थोडी वेगळी. तिथं घेणारा लगेच राहायला येतो. गळका नळ, फुटकी फरशी, तेलकट भिंत दुरुस्त करा. पण सगळं नवं करायच्या आधी दोन गिऱ्हाइकांना घर दाखवा. "ओटा तुमच्या मनासारखा तुम्ही करा, भावात थोडं धरू," एवढं म्हणणं कर्जापेक्षा स्वस्त पडतं.

नांदेडला आम्ही दोन खोल्या घेतल्या, 12 लाखांना. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केलं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आमचे 12 हजार वाचले. त्यात थोडी भर घालून पहिल्याच महिन्यात ओटा बांधला, माझ्या कमरेच्या उंचीचा. कडप्प्याचा आहे, ग्रॅनाईटचा नाही. पण त्यावर पोळ्या मी लाटते.

म्हणून सांगते, घर विकायचं असेल तर गळती, मोरी आणि कागद बघा. आणि ओटा करायचा तर ज्या घरात राहता तिथं करा, राहता आहात तोवरच. गिऱ्हाईक येईपर्यंत थांबू नका.

येते. नमस्कार.