हलशी-देगावची देवालये आणि विद्यार्थ्यांचे सहकार्य

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात लोंढा येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



लोंढा हे नाव बहुतेकांस ठाऊक आहे ते आगगाडीचे जंक्शन म्हणून. १८८८ साली मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि घाटावरचा व घाटाखालचा मुलूख या स्थानकाशी जोडला गेला. परंतु हे दोन मुलूख एकमेकांस त्या दिवशी प्रथम भेटले, असे मात्र नव्हे. त्यापूर्वी सातशे वर्षे गोव्याच्या कदंबांचे राज्य समुद्रापासून हलशीपर्यंत पसरलेले होते. घाट उतरून तांबडी सुर्ला येथे गेले म्हणजे काळ्या बेसाल्ट दगडाचे महादेवाचे देऊळ दिसते. घाटावर खानापूर तालुक्यात हलशीचे भूवराह-नरसिंहाचे देवालय आहे. पूर्वेस कित्तूरजवळ देगावचे कमलनारायण आहे. ही तिन्ही देवालये एका संस्कृतीची अपत्ये होत. आज ती दोन राज्यांत विभागली गेली आहेत, आणि त्यांविषयी लिहिणारे तर तीन-चार भाषांत विभागले गेले आहेत.

या देवालयांचा इतिहास कोणी लिहावयाचा, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एकदा महाविद्यालयातूनच मिळालेले आहे, ही गोष्ट तरुण मंडळींस सहसा सांगितली जात नाही. हेनरी हेरास या स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंनी १९२६ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास-संशोधनाची एक संस्था काढली. केवळ व्याख्याने टिपून घेऊन परीक्षा देणारा विद्यार्थी त्यांना नको होता. मूळ साधने हाताळणारा विद्यार्थी त्यांना हवा होता. १९२९ साली त्यांनी गोव्यातील चांदर येथे, म्हणजे कदंबांच्या जुन्या चंद्रपुरात, उत्खनन केले आणि जमिनीखालून एका शिवालयाचा पाया वर आणला. त्यांच्याच संस्थेतील जॉर्ज मोराइश या विद्यार्थ्याने ‘कदंब कुल’ हा ग्रंथ लिहिला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात राजांच्या वंशावळीबरोबर देवालयांच्या बांधणीचाही विचार आहे, हलशी-देगावच्या वास्तूंची दखल आहे. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या ज्या शिखरास आज अभ्यासक कदंब पद्धतीचे शिखर म्हणतात, त्या नावास विद्वानांत प्रतिष्ठा मिळण्यास हा विद्यार्थ्याचा ग्रंथ पुष्कळ अंशी कारण झाला. गुरू परदेशी ख्रिस्ती, शिष्य गोमंतकीय ख्रिस्ती, आणि विषय वराह-नरसिंहाची देवळे! विद्येला जातगोत नसते याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

अर्थात मोराइशांच्या आधी पायाभरणी झालेली होती. हलशीचे प्राचीन नाव पलाशिका. तेथे सापडलेले बनवासीच्या आद्य कदंबांचे ताम्रपट फ्लीटसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केले. त्यांची भाषा संस्कृत, आणि दाने बहुतांशी जैन संघांस दिलेली. मृगेशवर्मा या राजाने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधविले, हे त्यांवरूनच कळते. पुढे बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांपैकी शिवचित्त पेर्माडी याच्या काळात हलशीस वैष्णव देवालय उभे राहिले. तेथे दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत, एकात नरसिंह व दुसऱ्यात वराह. त्याच राजाची राणी कमलादेवी हिने देगावचे देवालय बांधविले. तेथील लेख नागरी व जुनी कन्नड अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला आहे. आठशे वर्षांपूर्वी एका राणीस आपले दान दोन लिप्यांत सांगावेसे वाटले; श्रीमठाचा हा स्मरणग्रंथ दोन भाषांत निघत आहे, त्याचे कोणास नवल वाटत असल्यास त्याने देगावची भिंत पाहून यावी.

त्या लेखांत तिप्पोज या सूत्रधाराचे नाव आहे. तरीही लोक विचारतील, देऊळ कोणी बांधले? कन्नड मुलखात उत्तर येते, जकणाचारीने. मराठी मुलखात तेच देऊळ हेमाडपंती ठरते, वस्तुतः यादवांचा मंत्री हेमाद्री हा तेराव्या शतकातला, म्हणजे देगावच्या नंतरचा. आणि दोन्हीही नावे सुचली नाहीत, तर पांडवांनी एका रात्रीत बांधून टाकले! दंतकथेवर रागावण्याचे कारण नाही. तीही जतन करावी. परंतु ज्याने छिन्नी चालविली त्याचे नाव दगडावर स्पष्ट असताना ते कोणी उच्चारू नये, हा त्या कारागिरावर अन्याय आहे.

आता सहकार्याचा विचार करू. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेयास प्रतिमालक्षण विचारतो, तेव्हा मुनी त्याला सांगतात की चित्र जाणल्यावाचून प्रतिमा कळत नाही, नृत्यावाचून चित्र कळत नाही, वाद्यावाचून नृत्य नाही आणि गीतावाचून वाद्य नाही. पाठशाळेत हा संवाद पुष्कळांनी वाचलेला असतो. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा की, एका मूर्तीपुढे एकटा पंडित अपुरा पडतो. हलशीच्या एका खांबापुढे उभे राहण्यास किती जण हवेत, हे पाहावे. ताम्रपटाची संस्कृत वाचणारा एक, जुनी कन्नड लिपी जाणणारा एक, मोजमाप घेऊन आराखडा काढणारा स्थापत्याचा विद्यार्थी, दगडाची जात सांगणारा भूगर्भशास्त्राचा, छायाचित्र घेणारा एक, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी त्यांच्या बोलीत बोलणारा एक. हा शेवटचाच पुष्कळदा विसरला जातो. कोणत्या वर्षी कोणता मंडप पडला, कोणती मूर्ती कोणत्या विहिरीतून निघाली, हे कोणत्याही पुस्तकात नसते. प्रा. कुंदणगार हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात कन्नडचे अध्यापन करीत, आणि उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान यांतील शिलालेखांचा त्यांचा संग्रह १९३९ साली बाहेर पडला. मराठी संस्थानात राहून कन्नड लेख वाचणारा असा प्राध्यापक एके काळी स्वाभाविक वाटे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या सीमाभागात भाषेचा वाद उभा राहिला. त्याचा निर्णय व्हावयाचा तेथे होईल. पण त्यापायी मराठी विद्यार्थी नागरी लेखापुरता आणि कन्नड विद्यार्थी कन्नड लेखापुरता उरला, तर देगावचे देवालय अर्धे अर्धेच वाचले जाईल.

विद्यार्थ्यांनी मिळून काम केले म्हणजे ते आपोआप चांगले होते, असे मात्र समजू नये. अजिंठ्याची कथा येथे उपयोगी आहे. मेजर गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना लेण्यांत नेऊन सर्व काम नव्याने केले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांपैकीच. गुहेतला अंधार, एकांतवास, हे सारे सोसून त्यांनी चित्रे उतरविली. ती लंडनला गेली, आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांतील पुष्कळ नष्ट झाली! उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांचे दोन खंड निघाले. परंतु त्याच मंडळींनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश चढविले होते. ते पुढे पिवळे-काळे पडले आणि चित्रे झाकोळली. प्रतिकृती आगीत गेली, मूळही डागाळले. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती तरुण आले, हैदराबादेहून दोघे आले, म्हैसूरकडचे वेंकटप्पा त्यांत होते. भाषा निरनिराळ्या, पण भिंत एकच. त्या कामाने नंदलालांची रेषाच बदलून गेली असे त्यांची चित्रे पाहणाऱ्यास वाटते.

व्हार्निशाची गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणू नये. शिलालेखाची अक्षरे दिसावीत म्हणून त्यांत खडू वा रंग भरणारे हौशी अभ्यासक आजही भेटतात. दुसरीकडे गावोगाव जीर्णोद्धार चालू आहेत. मूर्तींवर तैलरंग चढतो, खांबांवर चकचकीत फरश्या बसतात, शिलालेखाचा दगड पायरीला जातो. घाटाखाली, सावंतवाडीपासून होन्नावरपर्यंत, देवळांच्या व मठांच्या भिंतींवर काव नावाची कला होती: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने कोरावयाचा, म्हणजे खालचा पांढरा रंग उमटतो. डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गावोगाव हिंडून या भिंतींची छायाचित्रे घेतली. त्यांतील काही भिंती नंतर नव्या बांधकामात गेल्या.

याचा दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. देवालय हे पदार्थसंग्रहालय नव्हे. तेथे रोज दिवा लागतो, पावसाळ्यात गळती होते, उत्सवाला माणसे मावत नाहीत. अग्निपुराणातही जीर्णोद्धाराचा विधी सांगितलेला आहे. जीर्ण झाले ते सावरावे, हा धर्मच आहे. पण सावरणे आणि पुसून टाकणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर गावापुढे ठेवण्याचे काम विद्यार्थी करू शकतील. विश्वस्तांशी वाद घालून मात्र ते होणार नाही. ज्या भिंतीचा मापासकट आराखडा व स्वच्छ छायाचित्र गावाच्या हाती आहे, ती भिंत पाडण्यापूर्वी गाव एकदा तरी थांबते. आणि पाडलीच, तरी काय पाडले हे पुढच्यांस कळते. मठमंदिरांच्या चालकांनीही, या मठाचे शिष्य धरून, नवे बांधकाम काढण्यापूर्वी विद्यार्थ्यांना बोलावण्याची रीत पाडावी. त्यास पैसा फारसा लागत नाही.

कामाची पद्धत साधीच असावी. खानापूर-लोंढ्याचा पाऊस ध्यानात घेता बाहेरचे काम दिवाळीनंतरच सुरू करावे. तोवर फ्लीट व मोराइश यांचे लेखन वाचून घ्यावे. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी, शिलालेखाचा ठसा तर त्या खात्याच्या माणसावाचून घेऊच नये. छायाचित्रात मापाची पट्टी ठेवावी, दिशा व दिवस लिहावा. शेवाळ खरवडू नये. गाभाऱ्यात पुजाऱ्याने नको म्हटले तर तेथे थांबावे, आणि तसे वहीत नोंदवावे. प्रत्येक वर्णन मराठीत व कन्नडात लिहावे, आणि एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याने मूळ दगडाशी ताडून पाहावे. अजिंठ्याच्या प्रतिकृती एकाच ठिकाणी साठविल्या म्हणून एका आगीत गेल्या. यास्तव नोंदींची एक प्रत गावाच्या देवालयात, एक महाविद्यालयात व एक श्रीमठाच्या ग्रंथालयात राहावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर काम करणाऱ्या सर्वांची नावे असावीत, तिप्पोजाचे होते तशी.