उपग्रह सापडेनात तेव्हा

महिनोन्‌महिने कपाटात पडलेलं हातातलं जीपीएस यंत्र ट्रेकच्या सकाळी सुरू केलं, की बराच वेळ ते नुसतं शोधतच राहतं. बहुतेकदा ते बिघडलेलं नसतं. त्याच्याकडचं उपग्रहांचं वेळापत्रक शिळं झालेलं असतं आणि नवं पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तेव्हा यंत्र मोकळ्यावर ठेवा आणि खुशाल चहा घ्या. चालता चालता शोधू देऊ नका. प्रत्येक उपग्रहाची कक्षा कळायला साधारण अर्धा मिनिट संदेश अखंड मिळावा लागतो. मध्ये दाट झाडी आली, की पुन्हा वाट पाहणं आलं.

उंचीसकट ठिकाण कळायला किमान चार उपग्रह हवेत, तेही आकाशभर विखुरलेले. सांदणसारख्या अरुंद दरीत डोक्यावर आकाशाची जेमतेम पट्टी, त्यात कातळावर आपटून येणारे संदेश ठिकाण भलतीकडेच दाखवतात. तिथे सेटिंग चिवडण्यात काही अर्थ नाही.

यंत्र जुनं असेल तर तारीखही पाहा. जीपीएसची आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. आपल्याकडे ७ एप्रिल २०१९च्या पहाटे ती आली, आणि काही यंत्रं जवळजवळ वीस वर्षं मागे गेली. त्यांना नवं फर्मवेअरच लागतं.