झेंडा शिवणाऱ्याच्या नजरेतून

श्रोतेहो, माझे अब्बा शिंपी होते. गिरणीच्या भोंग्यावर सोलापूर जागं व्हायचं, त्या काळातली ही गोष्ट. आमच्या दुकानात सदरे-पायजम्यांबरोबर झेंडेही शिवले जात. उरुसाचं हिरवं निशाण, दिंडीच्या भगव्या पताका, युनियनचा लाल बावटा. मशीन एकच, कात्री एकच. मी शेजारी बसून काजं-बटणं करायचो.

एकदा एका मंडळाचे कार्यकर्ते आले. झेंड्यावर मंडळाचं पूर्ण नाव, पत्ता, स्थापनेचं साल आणि वर एक सिंह, असं सगळं त्यांना हवं होतं. अब्बा म्हणाले, "भाऊ, झेंडा खांबावर चढणार. खालून हे वाचणार कोण? आणि मागच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसतील." ते ऐकेनात. मग दोन्ही बाजूंनी अक्षरं यावीत म्हणून अब्बांनी दुहेरी कापड घातलं. झेंडा इतका जड झाला, की वारा सुटला तरी काठीला लोंबकळत राहिला. पाटी भिंतीसाठी असते, झेंडा वाऱ्यासाठी, हे मी तेव्हा शिकलो.

पुढं बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. वेगवेगळ्या प्रांतांच्या झेंड्यांविषयी वाचताना अब्बांचं ते बोलणं वारंवार आठवलं. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचा झेंडा आहे. त्यातले बरेचसे म्हणजे निळं कापड आणि मधोमध राज्याची मुद्रा. कागदावर ठीक, पण लांबून पाहिले तर सगळे सारखेच. 2001 साली तिथल्या ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेनं अमेरिका आणि कॅनडातल्या 72 झेंड्यांना लोकांकडून गुण मागवले. पहिला आला न्यू मेक्सिकोचा, शेवटचा जॉर्जियाचा.

न्यू मेक्सिकोचा झेंडा अगदी साधा. पिवळं कापड आणि त्यावर लाल सूर्य. चारी दिशांना चार-चार किरणं. हॅरी मेरा नावाच्या डॉक्टरांनी तो सुचवला, त्यांच्या पत्नीनं तो शिवला आणि 1925 साली राज्यानं तो स्वीकारला. लहान मूलसुद्धा तो आठवणीतून काढू शकेल. जॉर्जियाच्या त्या वेळच्या झेंड्यावर मात्र मुद्रा होती, मुद्रेखाली एका फितीवर राज्याच्या इतिहासातले पाच छोटे झेंडे होते आणि वर अक्षरंही होती. आमच्या दुकानातला तो मंडळाचा झेंडाच जणू. दोनच वर्षांत, 2003 मध्ये, तो बदलावा लागला.

पण श्रोतेहो, गोष्ट इथंच संपत नाही. जॉर्जियानं एवढी गर्दी का केली? कारण 1956 पासून त्यांच्या झेंड्यावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या सैन्याची खूण होती. कृष्णवर्णीयांना ती सलत होती, तर इतर काहींना ती आपली परंपरा वाटत होती. सगळ्यांना खूश करायला म्हणून सगळंच थोडंथोडं घातलं, आणि झेंडा कुणाचाच झाला नाही.

शेजारच्या मिसिसिपी राज्यात तीच खूण 1894 पासून होती. नुसता देखणेपणा पाहिला तर तो झेंडा वाईट म्हणता येणार नाही. ठळक होता, लांबून ओळखू यायचा. पण ज्या राज्यात एक तृतीयांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत, तिथं त्यांनी त्या झेंड्याखाली मान वर करून कसं उभं राहायचं? अखेर 2020 च्या जूनमध्ये तो उतरवला गेला. नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा झेंडा स्वीकारला. त्यावरही अक्षरं आहेत. अब्बा कुरकुरले असते. पण फूल कुणाला सलत नाही.

पहिला आलेला न्यू मेक्सिकोचा सूर्यही निर्दोष नाही. तो झिया या मूळनिवासी लोकांच्या एका मातीच्या भांड्यावरून घेतला. त्यांच्यासाठी ती पवित्र खूण. ती घेताना त्यांना कुणी विचारलं नाही, आणि पुढं त्यांनी त्याबद्दल भरपाईही मागितली.

आता आपल्या जवळचं पाहू. आपल्या देशात राज्यांना वेगळे झेंडे नाहीत. जम्मू-काश्मीरला 2019 पर्यंत होता. लाल कापडावर नांगर आणि तीन पांढऱ्या पट्ट्या. सोलापूरहून अक्कलकोटच्या पुढं गेलं, की कर्नाटकात पिवळा-लाल झेंडा दिसतो. 1960 च्या दशकात मा. राममूर्ती यांनी तो पुढं आणला. सरकारी मान्यता नसतानाही 1 नोव्हेंबरला तो रिक्षांवर, चौकाचौकांत फडकतो. हळद-कुंकवाचे रंग, शिवायला दोन पट्ट्या आणि एक शिवण. 2018 मध्ये तिथल्या सरकारनं त्यात मधोमध पांढरा पट्टा आणि दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याची राजमुद्रा घालून नवा झेंडा जाहीर केला. तो अमलात आला नाही. लोकांच्या हातात आजही दोन पट्ट्यांचाच आहे. मात्र हाच झेंडा सीमाभागातला मराठी माणूस पाहतो, तेव्हा त्याच्या मनात वेगळंच काही येतं, हेही खरं.

गावात तणाव असला, की अब्बा शिवून ठेवलेले सगळे झेंडे घडी करून आतल्या पेटीत ठेवत. हिरवेही आणि भगवेही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आज लोक कापड बघणार नाहीत, फक्त रंग बघतील." त्या दिवसांत रंगावरून माणसं ओळखली जायची, आणि आमच्या दुकानाची फळी अर्धीच उघडी असायची. पेटीत मात्र सगळे रंग एकावर एक पडलेले असत.

म्हणून झेंडा पाहिला, की मी दोन प्रश्न विचारतो. हा लहान मुलाला काढता येईल का? हा प्रश्न कात्रीचा आहे. आणि त्या मुलखातल्या प्रत्येक घरातल्या मुलाला तो आपला म्हणून काढावासा वाटेल का? हा दुसरा प्रश्न शिंप्याला सोडवता येत नाही. तो तिथं राहणाऱ्या सगळ्यांनी मिळून सोडवायचा असतो.